अध्ययित असहायता : एका मानसशास्त्रीय स्पष्टीकरणाचा इतिहास (१९६७ ते २०१६)

प्रस्तावना

प्रयत्न करणारा माणूस प्रयत्न करणे का सोडून देतो, हा प्रश्न मानसशास्त्र या विषयाहून जुना आहे. वर्गात वारंवार अपयशी ठरलेला विद्यार्थी पुढे सोपे गणित समोर आले तरी पेन्सिल हातात घेत नाही. अशा वेळी शिक्षक आणि पालक यांच्याजवळ एक तयार उत्तर असते : 'त्याला शिकायचेच नाही.' हे उत्तर साधे वाटले तरी तेही एक मानसशास्त्रीय स्पष्टीकरणच होय. कारण त्यात वर्तनाचे मूळ व्यक्तीच्या इच्छेत, म्हणजेच प्रेरणेत, शोधलेले असते. स्पष्टीकरण बदलले की दोष कोणाचा आणि उपाय कोणी करावयाचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला 'अध्ययित असहायता' या संकल्पनेने एक नवे उत्तर दिले. असहायता हा स्वभावाचा दोष नसून ती अनुभवातून शिकली जाते, असे ते उत्तर होते. १९६७ मध्ये प्रयोगाच्या आधारे पुढे आलेली ही संकल्पना नैराश्य, शिक्षण आणि समाजकार्य या क्षेत्रांत पसरली व पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. २०१६ मध्ये मात्र ज्या दोन संशोधकांच्या नावांशी ती निगडित आहे, त्यांनीच मूळ मांडणी नेमकी उलटी होती असे जाहीर केले. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग विरळ असतात.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, या संकल्पनेचा उदय कोणत्या वैचारिक पार्श्वभूमीवर झाला हे पाहणे. दुसरे, तिच्यातील चूक जवळजवळ पन्नास वर्षे का लक्षात आली नाही याचा शोध घेणे. तिसरे, झालेल्या दुरुस्तीचा अध्यापनाच्या दृष्टीने अर्थ तपासणे. विवेचनासाठी ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. पार्श्वभूमी : भुकेला प्राणी आणि प्रबलनाचा सिद्धान्त

अध्ययनाच्या प्रायोगिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या १८९८ मधील प्रबंधापासून मानला जातो. थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडले. पेटीची खिटी पडली की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले अन्न मिळे. मांजर प्रथम वाटेल तशी धडपड करी. योगायोगाने दार उघडे. आणि पुढील प्रत्येक खेपेला सुटकेस लागणारा वेळ कमी कमी होत जाई. समाधानकारक परिणाम देणारी कृती टिकते व त्रासदायक परिणाम देणारी कृती लोप पावते, हा 'परिणामाचा नियम' यातून पुढे आला.

१९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाची घोषणा केली. मन, अपेक्षा, हेतू यांसारखे शब्द शास्त्रातून वगळावेत, असा त्यांचा आग्रह होता. बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ मधील आणि क्लार्क हल यांच्या १९४३ मधील ग्रंथांनी या विचाराला भक्कम रूप दिले. हल यांच्या मते भूक, तहान, वेदना यांसारख्या गरजांमुळे प्राण्यात ताण निर्माण होतो आणि तो ताण कमी करणारी कृती शिकली जाते. प्रेरणा म्हणजे ताण आणि अध्ययन म्हणजे ताण घटवणाऱ्या कृतीचे दृढीकरण, असे हे सुटसुटीत समीकरण होते.

या समीकरणाला आव्हान देणारे पुरावेही त्याच काळात जमा होत होते. एडवर्ड टॉलमन आणि चार्ल्स होंझिक यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या एका गटाला पहिले दहा दिवस चक्रव्यूहात अन्न ठेवलेच नाही. अकराव्या दिवशी अन्न ठेवताच त्या गटाच्या चुका एकदम घटल्या. बक्षीस नसतानाही उंदीर काहीतरी शिकत होते, परंतु ते वर्तनात दिसत नव्हते. टॉलमन यांनी १९४८ मध्ये यासाठी 'बोधनिक नकाशा' ही कल्पना मांडली. तरीही 'प्राणी अपेक्षा करतो' असे म्हणणे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रयोगशाळांत धाडसाचे समजले जाई. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२. १९६७ चा प्रयोग

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत भीती आणि अध्ययन यांच्या संबंधावर कुत्र्यांवर प्रयोग चालू होते. प्रथम पट्ट्यांनी बांधलेल्या कुत्र्याला विजेचे टाळता न येणारे धक्के देण्यात येत. नंतर त्याला दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवून मधल्या अडसरावरून उडी मारण्यास शिकवावयाचे, अशी योजना होती. प्रत्यक्षात अनेक कुत्रे शिकेचनात. ते काही वेळ धावत, मग खाली बसून कण्हत आणि धक्का संपेपर्यंत सोसत राहत. प्रयोगाच्या मूळ हेतूच्या दृष्टीने ही अडचण होती. ब्रूस ओव्हरमायर, मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या तरुण संशोधकांनी या अडचणीलाच अभ्यासाचा विषय केले.

१९६७ मध्ये सेलिग्मन व मायर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस कुत्र्यांचे आठ-आठचे तीन गट होते. पहिल्या गटातील कुत्र्याला डोक्याजवळची पट्टी दाबून धक्का थांबवता येई. दुसऱ्या गटातील प्रत्येक कुत्रा पहिल्या गटाशी जखडलेला होता. त्याला तितकेच आणि तेवढ्याच अवधीचे धक्के मिळत. मात्र त्याच्या कोणत्याही हालचालीने ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला या टप्प्यात धक्के दिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिन्ही गटांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवण्यात आले. तेथे अडसर ओलांडला की सुटका होती. पहिला आणि तिसरा गट उडी मारण्यास लवकर शिकला. दुसऱ्या गटातील आठांपैकी सहा कुत्रे दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक वेळा सुटका करून घेऊ शकले नाहीत.

दोन गटांना मिळालेली वेदना सारखीच होती. फरक होता तो केवळ नियंत्रणाचा. वेदना नव्हे, तर वेदनेवर आपले काही चालत नाही ही स्थिती निर्णायक ठरते, हे या रचनेने दाखवून दिले. यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा : 'आपण काहीही केले तरी परिणाम बदलत नाही' ही गोष्ट दुसऱ्या गटातील कुत्रे शिकले आणि ती अपेक्षा त्यांनी नव्या परिस्थितीत आणली.

३. 'अध्ययित' या शब्दासाठी झालेला वाद

वर्तनवाद्यांना हा निष्कर्ष मान्य होणे शक्यच नव्हते. कृती आणि परिणाम यांच्यात संबंध नाही, ही अमूर्त गोष्ट कुत्रा शिकतो म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे पर्यायी स्पष्टीकरण असे होते की, धक्का संपण्याच्या क्षणी कुत्रा योगायोगाने स्तब्ध असेल, तर स्तब्धतेलाच प्रबलन मिळते. म्हणजे कुत्रा असहाय होत नाही, तो स्थिर राहण्यास शिकतो.

या आक्षेपाची परीक्षा मायर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घेतली. कुत्र्यांच्या एका गटाला स्थिर राहिल्यावरच धक्का थांबेल असे शिकवण्यात आले. आक्षेप खरा असता तर हे कुत्रे दोन कप्प्यांच्या पेटीत सर्वाधिक असहाय ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात ते उडी मारण्यास शिकले. त्यांनी स्थिरता शिकली होती हे खरे, पण त्या स्थिरतेनेही धक्का थांबत होता. म्हणजे नियंत्रण त्यांच्याजवळ होते. या प्रयोगाने वर्तनवादी आक्षेपाची धार बोथट केली.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या कुत्र्यांना आधी सुटका शक्य असलेल्या धक्क्यांचा अनुभव मिळाला होता, ते नंतरच्या अटळ धक्क्यांनी असहाय होत नसत. जणू त्यांना लस टोचली गेली होती. तसेच १९६८ मधील एका अभ्यासात चार असहाय कुत्र्यांना गळ्यातील दोरीने ओढून अडसराच्या पलीकडे नेण्यात आले. अडसराच्या पलीकडे अन्न ठेवणे किंवा हाका मारणे यांचा उपयोग झाला नाही. पुन्हा पुन्हा ओढून नेल्यानंतर मात्र चारही कुत्रे आपण होऊन उडी मारू लागले. प्रलोभनाने जे साधले नाही, ते कृती आणि सुटका यांचा संबंध प्रत्यक्ष अनुभवास आणून दिल्यावर साधले.

४. प्रयोगशाळेतून माणसाकडे

१९७४ मध्ये डोनाल्ड हिरोतो यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. विजेच्या धक्क्याऐवजी मोठा कर्कश आवाज योजला होता. ज्यांना बटण दाबून आवाज बंद करता आला नाही, ते पुढील वेगळ्या कामातही सोपा उपाय शोधण्यात मागे पडले. १९७५ मध्ये सेलिग्मन यांचा असहायतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नैराश्याचे प्रारूप म्हणून या संकल्पनेला मान्यता मिळत गेली.

शिक्षणाच्या दृष्टीने कॅरोल ड्वेक यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. ड्वेक आणि रेपुची यांच्या १९७३ मधील अभ्यासात शाळकरी मुलांना एका व्यक्तीने सुटणारी कोडी दिली, तर दुसऱ्या व्यक्तीने न सुटणारी. नंतर या दुसऱ्या व्यक्तीने सुटणारी कोडी दिली तेव्हाही काही मुलांना ती सुटली नाहीत. जवळजवळ तशीच कोडी पहिल्या व्यक्तीकडून आल्यावर त्यांनी सोडवली होती. क्षमता तीच, कोडे तेच. बदलली ती समोरची व्यक्ती. 'या विद्यार्थ्याला येत नाही' या विधानात 'कोणासमोर' हा शब्द अनेकदा गाळलेला असतो, याची जाणीव या प्रयोगाने करून दिली. १९७५ मध्ये ड्वेक यांनी अपयशाने खचणाऱ्या बारा मुलांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला केवळ यश मिळेल अशी गणिते दिली. दुसऱ्या गटाला अधूनमधून अपयश येऊ दिले आणि त्याचे कारण प्रयत्न कमी पडणे हे आहे, असे समजावले. पहिला गट पुन्हा अपयश येताच पूर्वीसारखाच कोलमडला. दुसरा गट टिकून राहिला.

माणसांच्या बाबतीत मूळ सिद्धान्त अपुरा आहे हेही लवकरच स्पष्ट झाले. सारख्याच अपयशाने सर्व माणसे सारखी खचत नाहीत. कुत्र्यांमध्येही अटळ धक्के मिळालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश असहाय झाले नव्हते. म्हणून १९७८ मध्ये लिन अब्रॅमसन, सेलिग्मन आणि जॉन टीसडेल यांनी सिद्धान्ताची फेरमांडणी केली. अपयशाचे कारण व्यक्ती स्वतःत शोधते की बाहेर, ते कारण कायमचे मानते की तात्पुरते, सर्वव्यापी मानते की त्या प्रसंगापुरते, या तीन निकषांवर असहायतेची खोली व व्याप्ती अवलंबून असते, असे त्यांनी प्रतिपादिले. येथे सिद्धान्ताचा भर परिस्थितीकडून व्यक्तीच्या विचारपद्धतीकडे सरकला, याची नोंद घेणे आवश्यक आहे. हा बदल उपचारासाठी फलदायी ठरला. तथापि परिस्थिती बदलण्याऐवजी व्यक्तीने विचार बदलावा, अशा सोयीस्कर उपदेशालाही त्याने वाट करून दिली.

५. स्पष्टीकरणाची नैतिक बाजू

वर्तनाचे स्पष्टीकरण हे वर्तन घडवण्याचे साधनही होऊ शकते, याचे अस्वस्थ करणारे उदाहरण याच संकल्पनेच्या इतिहासात आढळते. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये एका अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. २००१ नंतर अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने कैद्यांच्या चौकशीसाठी वापरलेल्या क्रूर पद्धती आखण्यात कंत्राटी तत्त्वावरील दोन मानसशास्त्रज्ञांचा वाटा होता आणि त्यामागे कैद्याला असहायतेच्या अवस्थेत नेण्याची कल्पना होती, असे त्यातून समोर आले. असहायतेवर उपाय शोधण्यासाठी विकसित झालेल्या ज्ञानाचा उपयोग असहायता निर्माण करण्यासाठी करण्यात आला. सेलिग्मन यांनी या वापराचा जाहीर निषेध केला. २०१५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने राष्ट्रीय सुरक्षेसाठी होणाऱ्या अशा चौकशीत मानसशास्त्रज्ञांच्या सहभागावर बंदी घालणारा ठराव मंजूर केला. ज्या प्रयोगांतून हे ज्ञान मिळाले, ते मुक्या प्राण्यांना दिलेल्या वेदनेवर उभे होते, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

६. पन्नास वर्षांनंतरची दुरुस्ती

दरम्यान मायर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात या प्रश्नाचा मेंदूच्या पातळीवर पाठपुरावा केला. उंदरांवरील संशोधनातून असे दिसून आले की, दीर्घकाळ चालणाऱ्या अटळ आघाताच्या वेळी मस्तिष्कस्तंभातील 'डॉर्सल राफे न्यूक्लियस' हे केंद्र तीव्रतेने उद्दीपित होते आणि तेथील पेशी सेरोटोनिन हे रसायन मेंदूच्या इतर भागांत सोडतात. याचा परिणाम म्हणून भय वाढते आणि सुटकेची धडपड थंडावते. या केंद्राचे कार्य रोखले तर अटळ धक्क्यांनंतरही असहायता दिसत नाही.

२००५ मध्ये होसे अमात, मायर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग निर्णायक ठरला. आघात आपल्या कृतीने थांबत असेल, तर मेंदूच्या पुढील भागातील मध्यवर्ती पूर्वललाट बाह्यक हा भाग ते हेरतो आणि वर उल्लेखिलेल्या केंद्राला आवर घालतो, असे त्यातून दिसून आले. हा भाग तात्पुरता निष्क्रिय केला असता उंदीर धक्का थांबवण्याची कृती पूर्वीप्रमाणेच करीत राहिले. पण नंतर त्यांचे वर्तन नियंत्रण कधी नव्हतेच अशा उंदरांसारखे झाले. कृती करता येणे आणि त्या कृतीचे संरक्षण मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

या सर्व पुराव्यांच्या आधारे मायर आणि सेलिग्मन यांनी २०१६ मध्ये संकल्पनेच्या पन्नाशीचा आढावा घेणारा लेख लिहिला. त्यातील मुख्य प्रतिपादन असे : दीर्घ आघातापुढे निष्क्रिय होणे ही शिकलेली गोष्ट नसून ती सजीवाची मूळचीच, न शिकता येणारी प्रतिक्रिया आहे. शिकले जाते ते नियंत्रण. निष्क्रियता आपोआप येते; तिला आवर घालणारी 'आपल्या करण्याने फरक पडतो' ही जाणीव मात्र अनुभवातून मिळवावी लागते.

७. चूक कोठे होती?

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. १९६७ ची प्रयोगरचना इतकी काटेकोर होती, तर निष्कर्ष उलटा कसा निघाला? रचना पुन्हा तपासली असता उत्तर सापडते. असहाय ठरलेला दुसरा गट पहिल्या गटाहून एकाच बाबतीत वेगळा होता, ती म्हणजे नियंत्रणाचा अभाव. तिसऱ्या गटाहून मात्र तो दोन बाबतींत वेगळा होता : त्याला आघात मिळाला होता आणि त्यावर नियंत्रणही नव्हते. त्यामुळे दोन अर्थ सारखेच संभवत होते. एक, दुसऱ्या गटाने असहायता शिकली. दोन, दीर्घ आघाताने कोणताही प्राणी निष्क्रिय होतो. पहिल्या गटाने नियंत्रण शिकल्यामुळे तो त्यातून वाचला. तीन गटांची ही रचना या दोन अर्थांत निवाडा करू शकत नव्हती.

मग पहिलाच अर्थ का स्वीकारला गेला? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण त्या काळच्या वादात आहे. प्राणी केवळ प्रबलनाचे यंत्र नाही, तो परिस्थितीचा अर्थ लावतो, हे सिद्ध करणे ही १९६० च्या दशकातील तरुण संशोधकांची तळमळ होती. 'काहीही केले तरी उपयोग नाही' ही अपेक्षा कुत्रा शिकतो, हे विधान त्या लढ्यातील प्रभावी शस्त्र होते. प्रतिपक्षही निष्क्रियता शिकलेलीच मानत होता. वाद होता तो काय शिकले यापुरता. ज्या गृहीतावर वादी आणि प्रतिवादी एकमत असतात, त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. 'अध्ययित' हे विशेषण म्हणूनच इतकी वर्षे निर्धास्त राहिले.

८. दुरुस्तीचा शैक्षणिक अर्थ

उंदराच्या मेंदूवरील निष्कर्ष माणसाच्या वर्गखोलीला जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही. दारिद्र्य, जात, भाषा आणि शाळेतील वागणूक यांचे माणसाच्या आयुष्यातील ओझे प्रयोगशाळेच्या पेटीत मावत नाही. ही मर्यादा मान्य करूनही एक दिशा निश्चित दिसते.

असहायता शिकलेली मानली की उपाय ठरतो तो चुकीचा धडा पुसण्याचा. आणि चुकीचा धडा ज्याने गिरवला, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. असहायता ही आघाताखालची मूळ अवस्था मानली, तर प्रश्न वेगळा होतो : या विद्यार्थ्याला आपल्या कृतीने काही बदलते असा अनुभव आपण कधी दिला होता का? पहिल्या प्रश्नाचा रोख विद्यार्थ्याकडे आहे, दुसऱ्याचा शाळेकडे. तसेच केवळ सोपे यश किंवा बक्षीस पुरेसे नाही, हे १९६८ आणि १९७५ च्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. पलीकडे ठेवलेल्या अन्नाने कुत्रा उठला नाही आणि सहज मिळालेल्या यशाने मूल टिकले नाही. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडली ती कृती आणि परिणाम यांची प्रत्यक्ष पटलेली सांगड.

समारोप

थॉर्नडाइक यांच्या मांजरापासून मायर यांच्या उंदरापर्यंतच्या या प्रवासात प्रेरणेचा अर्थ बदलत गेला. आधी ती भुकेतून उपजणारी धडपड होती, नंतर ती अपेक्षा झाली आणि शेवटी ती नियंत्रणाच्या अनुभवावर अवलंबून असलेली क्षमता ठरली. या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. एक, मानसशास्त्रीय स्पष्टीकरण हे पुराव्याइतकेच ते ज्या वादात जन्मले त्या वादाचेही अपत्य असते. म्हणून पाठ्यपुस्तकातील स्थिर वाटणाऱ्या संज्ञाही पुन्हा तपासण्याजोग्या असतात. दोन, आपल्याच कीर्तीचा आधार असलेला सिद्धान्त उलटा होता हे संशोधकांनी पन्नास वर्षांनी स्वतः मांडणे, हे शास्त्राचे अपयश नसून त्याचे सामर्थ्य आहे.

मराठीत 'हात टेकणे' असा वाक्प्रचार आहे. जो हात टेकतो तो कमकुवत, असा सूर त्यात सहज मिसळतो. प्रस्तुत इतिहास असे सुचवतो की, दीर्घ आघातापुढे हात टेकणे ही सजीवाची स्वाभाविक अवस्था आहे; नवल आणि श्रेय आहे ते पुन्हा हात उचलण्याचे. तो हात उचलला की काहीतरी हलते, हा पहिला अनुभव कोणीतरी द्यावा लागतो. शिक्षकाच्या कामाची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.